‘डबल बेल’ची तक्रार वही

उस्मानभाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून सहावीच्या पोरांवर ओरडत होतो. उस्मानभाई एसटीचे ड्रायव्हर. माझा मित्र संघपाल तायडे त्यांच्याच गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर होता, त्यामुळे त्यांचा फोन म्हणजे बहुतेक वेळा संघपालचाच निरोप असायचा. त्या दिवशी ते म्हणाले, “मास्तर, संघपाल गेला. सकाळी ड्युटीवर निघाला होता. बुटाची नाडी बांधता बांधता खाली बसला, तो उठलाच नाही.” मी “बरं” म्हणालो. नुसतं “बरं”. फोन खिशात ठेवला, पोरांवरचं राहिलेलं ओरडणं पुरं केलं, वर्गात जाऊन खुर्चीवर टेकलो, आणि मग आपण काय ऐकलं ते मला कळलं. गावोगावच्या स्टेजवर मला शब्द कमी पडत नाहीत म्हणून लोक हौसेनं निवेदनाला बोलावतात. त्या वेळी माझ्याकडून तेवढाच एक शब्द निघाला. याला आता पाच आठवडे झाले.

त्याची माझी शेवटची भेट त्याच्या गाडीतच झाली. मालेगावहून मेडशीला एका लग्नासाठी निघालो होतो. तिकिटाचं मशीन हातात घेऊन तो माझ्यापाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मास्तर, अर्धं तिकीट फाडू का? डोक्याकडं पाहून कोनी काही म्हननार नाही.” माझे केस पिकलेत, त्याचे शेवटपर्यंत काळे होते, याचा त्याला फार माज. गाडी रिकामी झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीबाहेर सोयाबीनचा पिवळा पडलेला पट्टा मागं जात होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “दुसऱ्यांदा देल्ला तो आयकला का?” दोन वर्षांपूर्वी त्यानं गिटारवादनाचा एक अल्बम काढला होता, त्याबद्दल तो विचारत होता. मी म्हणालो, “ऐकला ना! पहिल्यापेक्षा कितीतरी छान झालाय.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “हाव का?” म्हणाला. “बरं.” मेडशीचा फाटा आला, त्यानं एक घंटी मारली, मी उतरलो. मागं दोन घंट्या वाजल्या आणि गाडी निघून गेली.

मी खोटं बोललो होतो. अल्बम मी ऐकलाच नव्हता, पहिल्यांदाही नाही आणि दुसऱ्यांदाही नाही. हा लेख मी त्यासाठीच लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमची ओळख कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली. मी किन्हीराजाचा, शेती करणाऱ्या घरातला, जिभेला हाड नसलेला. तो मेडशीचा, त्याचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचे. त्या वर्षी निवेदन माझ्याकडं होतं. गिटार घेऊन स्टेजवर येणारा आमच्या कॉलेजातला तो पहिलाच मुलगा, म्हणून मी त्याची ओळख करून देताना आभाळ खाली आणलं... तारांचा जादूगार, वऱ्हाडच्या मातीचा झंकार, आणखी काय काय. टाळ्या पडल्या. तो वाजवून आत आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, “कारे मास्तर, तू तं मले आयकाच्या आधीच पास केलं.” मी तेव्हा मास्तर नव्हतो, माझ्या बोलण्यावरून त्यानं ते नाव ठेवलं. पुढं मी खरंच शिक्षक झालो आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

गिटारचं वेड त्याला एका कॅसेटनं लावलं होतं. अकोल्याला जुन्या कॅसेटच्या ढिगात त्याला ती मिळाली. कव्हर फाटलेलं, त्यामुळं वाजवणाऱ्याचं नाव त्याला जन्मभर कळलं नाही. दुकानदारानं सांगितलं, याला फंकी जॅझ म्हणतात, कोणी घेत नाही, घेऊन जा. त्यात गाणं नव्हतं, नुसती गिटार, ड्रम आणि खाली एक जाड आवाजाची दुसरी गिटार. संघपालला त्यातली गंमत मला समजावून सांगायची फार हौस. तार पुरी वाजू द्यायची नाही, डाव्या हातानं दाबून धरायची आणि उजव्या हातानं नुसतं ‘चक चक, चकचक’ करायचं. “आपल्या गाडीची ढिली खिडकी पातूरच्या घाटात कशी वाजते, अगदी तशी,” तो म्हणायचा. “फरक एवढाच, खिडकी बेताल वाजते. तिले तालात आनलं का झालं.” कंडक्टरची नोकरी लागल्यावर त्यानं तेवीस-चोवीस वर्षं ती खिडकी ऐकली असेल.

माझ्या घरी त्याचं येणं-जाणं होतं. आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या घरात त्याचं कौतुक जरा जास्तच व्हायचं. चहाबरोबर त्याच्यासाठी ताटलीत चार बिस्किटं जास्तीची यायची, त्यानं काही वाजवलं की आई, बाबा, मी, सगळे एकदम “वा वा” करायचो. माझ्या आज्याच्या काळात त्याच्या आज्याला आमच्या ओट्यावर चढता येत नव्हतं, ते कसंतरी भरून काढायची आमची धडपड असावी. त्याला ते बरोबर कळायचं. एकदा अंगणात बसलो असताना तो शांतपणे म्हणाला होता, “मास्तर, एक सांगू? मले पाहुन्यावानी कौतुक नोको. घरच्यावानी नावं ठेव.” मी हसण्यावारी नेलं. नावं ठेवायला आधी नीट ऐकावं लागतं, आणि कौतुकाचं तसं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी ते एखाद्या कार्यक्रमात वापरून टाळ्या घेतल्या असत्या.

अल्बम त्यानं साठवलेल्या सुट्ट्यांमध्ये केला. अकोल्यात एका मित्राच्या छोट्या स्टुडिओत, सोबतीला गायन पार्टीतला ढोलकीवाला आणि लग्नाच्या बँडमधला एक बेस गिटारवाला. एकूण आठ वाजवणी. तो त्यांना गाणी म्हणायचा नाही, ‘वाजवणी’च म्हणायचा. नाव ठेवलं ‘डबल बेल’. कंडक्टरनं एकदा घंटी मारली तर गाडी थांबते, दोनदा मारली तर निघते, एवढा साधा अर्थ. त्याची मुलगी सुजाता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, तिनं तो इंटरनेटवर चढवला. कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसानं त्याखाली भरभरून लिहिलं. सुजातानं आनंदानं वाचून दाखवलं तर हा म्हणाला, “चांगला मानूस दिसते. पन तो आपल्या रूटवरचा नाही.” त्याला त्याच्या रूटवरच्या माणसांचं मत हवं होतं. त्यासाठी त्यानं वीस-पंचवीस पेनड्राईव्ह भरले आणि ओळखीच्या घरांतून वाटले. एक वहीही केली.

ती वही एसटीच्या तक्रार पुस्तकासारखी होती. पट्टीनं रेघा आखलेल्या, चार रकाने. तारीख, नाव, तक्रार आणि कार्यवाही. तारीफ लिहायला रकानाच नाही. मी विचारलं, “अरे, अभिप्राय वही म्हण की.” तर म्हणाला, “अभिप्राय म्हटलं का लोक चांगलंच लिहितात. तक्रार म्हटलं का खरं लिहितात. बावीस वर्षं पाहून राह्यलो म्या.” वही तिकिटाच्या जुन्या चामडी बॅगेत ठेवायचा. मशीन आल्यापासून ती बॅग रिकामीच असायची. पेनड्राईव्ह दिल्यावर आठवड्यानं जायचा, समोर बसून लिहून घ्यायचा, कोणाला लिहिता येत नसेल तर सांगतील ते स्वतः लिहायचा, आणि घरी येऊन कार्यवाहीचा रकाना भरायचा.

माझ्याकडंही आला. मला पेनड्राईव्ह देऊन आठ दिवस झाले होते. मी तो टेबलाच्या खणात टाकला होता. शाळेत तपासणी होती, घरी पाहुणे होते... ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांतलं एकही खरं नाही. मला भीती वाटत होती. ऐकलं आणि आवडलं नाही तर? कळलंच नाही तर? तीस वर्षं ज्याची तारीफ करत आलो त्याला काय सांगणार? म्हणून न ऐकताच मी वही पुढं ओढली आणि झोकात अर्धं पान भरलं. ‘तारांतून वऱ्हाडची माती बोलते’ हे वाक्य त्यात होतंच. ‘प्रत्येक स्वर काळजाला भिडतो’ हेही होतं. त्यानं ते हळूहळू वाचलं. म्हणाला, “अक्षर लय सुंदर आहे तुझं.” चहा घेतला आणि गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला आणि कागदात गुंडाळलेला दुसरा पेनड्राईव्ह माझ्या हातात ठेवला. “आवाज सुधरून आनला थोडा. सवडीनं आयकजो, घाई नाही.” तोही मी खणात टाकला.

मेडशीच्या विहाराच्या अंगणात त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. निवेदन अर्थातच माझ्याकडं आलं. त्रिशरण-पंचशील झाल्यावर सुजातानं ती वही माझ्या हातात दिली. “काका, भाषनं नोको कोनाची. बाबायची वही वाचा. लोकायले आपापलं आयकू द्या.” मी उभा राहून वाचू लागलो.

फाट्यावरचा चहावाला. तक्रार : ‘गाणं कवा सुरू होते ते शेवटपर्यंत समजलं नाही.’ कार्यवाही : ‘गाणं नाही, हे पुढच्या वेळी आधी सांगणे.’ लोक हसले. चहावाला स्वतः मागं उभा होता, तोही डोळे पुसत हसला. मग उस्मानभाई. ‘दुसरं वाजवणं घरी खुर्चीत बसून ऐकलं तरी उजवा पाय दबत जातो. गाडीत लावू नये.’ कार्यवाही : ‘मान्य.’ शेजारच्या कौतिकाबाई, त्या निंदायला, सोंगायला जातात, मोबाईलवर ऐकत त्यांनी अख्खं वावर निंदलं होतं. ‘हात भराभरा चालते, पन मन कुठं ठेवावं समजत नाही.’ कार्यवाही : ‘बरोबर आहे. मलाही समजत नाही.’ मग त्याची बायको सुनंदावहिनी. ‘तिसऱ्यात तुमी कोनावर तरी रागावलेले दिसता. कोनावर ते सांगा.’ कार्यवाहीत एकच शब्द होता : ‘सांगितलं.’ मी वहिनींकडं पाहिलं. त्या मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

गायन पार्टीचे म्हातारे शाहीर पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांची तक्रार सगळ्यांत मोठी. ‘आपल्या लोकायले शब्दानं उभं केलं. अन् तू शब्दच काढून टाकले? मंग हे कोनासाठी वाजवून राह्यला?’ वाचताना माझाच आवाज खाली गेला, कारण हा प्रश्न खरा होता आणि त्यानंही तो खराच धरला होता. कार्यवाही आधी ‘प्रलंबित’ अशी होती. त्याखाली वेगळ्या शाईनं : ‘तीन रविवार शाहिरांकडं गेलो. त्यांची जुनी चाल घेऊन सहावं नव्यानं वाजवलं.’ आणि पुढच्या पानावर शाहिरांच्या कापऱ्या अक्षरात दुसरी नोंद : ‘तक्रार मागे. हे आयकताना ओठ आपोआप हालतात.’ मी वाचलं तेव्हा शाहीर सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, “हाव. अजूनबी हालतात.” मी पान उलटलं.

पुढचं पान माझं होतं. माझं ते सुंदर अक्षर, ती वऱ्हाडची माती, ते काळजाला भिडणं. आणि शेजारी कार्यवाहीच्या रकान्यात, त्याच्या बुटक्या सरळ अक्षरात : ‘मास्तरनं अजून ऐकलं नाही. वाट पाहणे.’

समोर दीड-दोनशे माणसं बसली होती. सगळ्यांच्या तक्रारी मी वाचल्या होत्या, हसवलं होतं, रडवलं होतं. माझं पान वाचायला मला एक मिनिट लागलं असतं. मी ते उलटलं. पुढची नोंद वाचायला घेतली, आवाजही कापला नाही... सवय असते.

कार्यक्रम आटोपल्यावर लोक जेवायला बसले. सुजाता माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली. म्हणाली, “काका, तुमी एक पान गाळलं.” ती रागावली नव्हती, हे सगळ्यांत अवघड होतं. मग तिनं सांगितलं. बाबांनी मला दिलेला पहिला पेनड्राईव्ह चुकीचा होता. दोन्ही सारखेच दिसायचे, घाईत त्यांनी तिचा उचलून आणला होता. त्यात एका सरांची अंकगणिताची व्याख्यानं होती... काळ, काम, वेग. माझं मत लिहून घेऊन ते घरी आले त्याच संध्याकाळी ती आपला पेनड्राईव्ह शोधत होती, आणि टेबलावर ‘डबल बेल’चा तसाच पडलेला. “आधी तं लय हासले बाबा,” ती म्हणाली. “मंग वही काढून तुमचं लिहिलेलं पुन्हा वाचलं. मंग त्याच्यापुढं कार्यवाही लिहिली. म्या म्हटलं, काकाले फोन लावा. तं म्हने, सुजे, सांगू नोको. त्याले वाईट वाटन. आवाज सुधरला म्हनून दुसरा नेऊन देतो.”

म्हणजे त्याला दोन वर्षं माहीत होतं. माझ्या घरी चहा पिताना, फोनवर बोलताना, त्या शेवटच्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी बसून “हाव का?” म्हणताना, त्याला माहीत होतं. मी त्याला पाहुण्यासारखं वागवत राहिलो आणि त्यानं मला घरच्यासारखं सांभाळून घेतलं. मला त्या अंगणात जेवण गेलं नाही.

वही आठ दिवसांसाठी मागून घेऊन मी घरी आलो. खणातून दुसरा पेनड्राईव्ह काढला. कागदाची घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. दुपारी बैठकीत खाली बसून मी ‘डबल बेल’ लावला. पहिल्या वाजवण्यात घंटीचे दोन ठोके पडले आणि ती दाबलेल्या तारांची ‘चक चक’ सुरू झाली. माझी बायको आतून ओला हात पुसत आली आणि म्हणाली, “अगं बाई, ही तं एसटीची खिडकी!” तिला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. ती तिथंच दाराला टेकून उभी राहिली. मी त्या दिवशी आठही वाजवणी ऐकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली, आठवडाभर ऐकत राहिलो. तिसऱ्यातला राग मला ऐकू आला. सहाव्यात माझेही ओठ हलले. पाचवं मात्र मला आवडलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, मलाच कळत नसेल. चौथ्या दिवशी खात्री पटली. ढोलकी पुढं धावते, गिटार तिच्यामागं फरफटत जाते, आणि शेवटी दोघं एकदम थांबतात म्हणून ते जमल्यासारखं वाटतं. मी तीस वर्षांत त्याच्या वाजवण्यातली एकही चूक सांगितली नव्हती. आणि आता ही एवढी स्पष्ट सापडली, तर ज्याला “ऐक रे” म्हणून ती सांगावी तोच नव्हता. मग मी रडलो. उस्मानभाईंच्या फोननंतर पहिल्यांदा.

शेवटच्या भरलेल्या ओळीखाली मी तारीख टाकली, नाव लिहिलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं : ‘पाचव्यात ढोलकी आणि गिटार एकमेकांचं ऐकत नाहीत. पुन्हा वाजवावं.’ एवढंच. एकही विशेषण घातलं नाही.

वही परत द्यायला मेडशीला गेलो. भिंतीवर गिटार टांगलेली होती, खिळ्याला चामडी बॅग. सुजातानं उभ्या उभ्याच माझी ओळ वाचली आणि तिचा चेहराच बदलला. तिनं आत हाक मारली, “आई, पाह्य ना, काकानं पाचव्याचं लिहिलं!” सुनंदावहिनी बाहेर आल्या. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचली, आणि मग माझ्याकडं पाहिलं. “त्यायले माहीत होतं भाऊ पाचव्याचं,” त्या म्हणाल्या. “रेकॉर्ड झालं त्याच दिवशी समजलं होतं. मुद्दाम ठेवलं तसंच. म्हनायचे, पाहू कोन सांगते. इतक्या जनायनं आयकलं, पन कोनालेच नाही समजलं. मी इचारलं, मंग आता? तं म्हने, मास्तर राह्यला ना अजून. त्याच्या कानाले समजन.”

सुजातानं वही बॅगेत ठेवली आणि बॅग पुन्हा खिळ्याला अडकवली. माझी तक्रार त्या वहीतली शेवटची आहे. तिच्यासमोरचा कार्यवाहीचा रकाना रिकामा आहे.